निळी पूड आणि आठ आठवड्यांची चाचणी

आतड्याचा दाह चिनी वनौषधींनी आणि पथ्याने शमवता येतो, असे सांगणारे लेखन अलीकडे वारंवार वाचनात येते. त्यात बहुधा दोन युक्तिवाद असतात. पहिला असा, की ही औषधे शेकडो वर्षे वापरात आहेत, तेव्हा ती निर्धोक असणार. दुसरा असा, की आधुनिक चाचण्यांनीही त्यांचा गुण मान्य केला आहे. यातला दुसरा युक्तिवाद निदान एका औषधाच्या बाबतीत खरा आहे. पण ज्या चाचणीने तो खरा ठरवला तीच चाचणी पहिल्या युक्तिवादाला छेद देते. म्हणून ती मुळापासून समजून घ्यायला हवी.

औषधाचे नाव छिंगदाय. निळीचे रंगद्रव्य देणाऱ्या काही वनस्पतींची पाने पाण्यात कुजवतात, त्यात चुना घालून पाणी घुसळतात आणि वर येणारा निळा फेस वाळवून ही पूड करतात. आपल्याकडे ज्या रंगासाठी निळीची शेती होत असे तेच रंगद्रव्य, इंडिगो, हिच्यात असते. शिवाय इंडिरुबिन नावाचे त्याचे तांबडे भावंडही असते. चिनी वैद्यक या पुडीला 'उष्णता हटवणारी' म्हणते. आपल्या घरांतही पदार्थ 'उष्ण' की 'थंड' याची चर्चा चालते, त्यामुळे ही भाषा आपल्याला परकी वाटत नाही. मात्र ओळखीची भाषा म्हणजे पुरावा नव्हे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला दाह होतो, व्रण पडतात आणि रक्तमिश्रित जुलाब होतात. हा विकार आपणहून कमीजास्त होत राहतो, म्हणून 'मला गुण आला' या एकेकट्या अनुभवावर विसंबता येत नाही. जपानमध्ये २०१६ साली ८६ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली 'गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी' या नियतकालिकात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने रुग्णांचे चार गट केले. तीन गटांना रोज अर्धा, एक किंवा दोन ग्रॅम पूड दिली, तर चौथ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला पण तसाच भासणारा पदार्थ. कोणाला काय मिळते हे रुग्णांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते.

आठ आठवड्यांनंतर प्लासिबोच्या २२ रुग्णांपैकी ३ जणांना लक्षणीय गुण आला. पूड घेणाऱ्यांत अर्ध्या ग्रॅमच्या २३ पैकी १६, एक ग्रॅमच्या २० पैकी १५ आणि दोन ग्रॅमच्या २१ पैकी १७ जणांना तो आला. एकूण ६४ पैकी ४८. हा फरक योगायोगाने पडण्याजोगा नाही. छिंगदायला थोतांड म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

मात्र सगळेच आकडे सारख्या वजनाचे नाहीत. लक्षणे जवळजवळ पूर्ण शमलेले रुग्ण एक ग्रॅमच्या गटात ११ होते, तर दोन ग्रॅमच्या गटात ८. म्हणून एक ग्रॅमची मात्रा सरस, असे म्हणता येईल का? वीस जणांच्या गटात एक रुग्ण म्हणजे पाच टक्के. तिघांच्या फरकावर मात्रा ठरवणे घाईचे होईल.

खरी मर्यादा वेगळीच आहे. ही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. चाचणीबाहेरच्या एका रुग्णाने पूड स्वतः विकत घेऊन सहा महिने वापरली होती आणि त्याच्या फुप्फुसांच्या रोहिण्यांतला रक्तदाब धोकादायक वाढला होता. पुढे जपानभर पाहणी झाली. तिचा अहवाल २०१९ साली आला. पूड वापरलेल्या ८७७ रुग्णांत हा विकार ११ जणांना आढळला, म्हणजे साधारण ८० मागे एकाला. एरवी हा विकार दहा लाखांत काही मोजक्यांनाच होतो. बहुतेकांनी पूड सहा महिन्यांहून अधिक काळ घेतली होती. सुदैवाने ती थांबवल्यावर किंवा औषधोपचारांनी सर्वांची प्रकृती सुधारली.

आता हिशेब करू. धोका ८० त एक असेल, तर ६४ जणांत एकही रुग्ण न सापडण्याची शक्यता ७९/८० चा ६४ वा घात, म्हणजे सुमारे ४५ टक्के. त्यात मुदत आठच आठवड्यांची. तेव्हा ही चाचणी गुण दाखवू शकत होती, पण हा दोष तिला दिसणे जवळजवळ अशक्य होते. परंपरेचीही हीच अडचण आहे. दुखणे पोटाचे आणि धाप लागते महिन्यांनंतर, तीही शंभरात एखाद्याला. मोजदाद न ठेवता या दोन गोष्टींची सांगड कोणत्या वैद्याने घालावी?

गुण आणि दोष यांचे मूळ एकच असण्याचाही संभव आहे. पुडीतली द्रव्ये पेशींमधल्या एएचआर या ग्राहक-प्रथिनाला जाऊन चिकटतात. आतड्यात त्यामुळे अस्तराची डागडुजी करणारे संदेश सुटतात. पण हे प्रथिन फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतही असते आणि तिथे तेच अपाय करते, असा संशय आहे. आहाराचा संबंधही इथेच येतो. कोबी, फुलकोबी यांतल्या द्रव्यांपासून पोटात याच प्रथिनाला चिकटणारे रेणू बनतात. ते आहारात नसतील तर आतड्याची संरक्षक फळी दुबळी होते, हे २०११ साली उंदरांत दिसले. त्यावरून कोबी खाऊन कोलायटिस बरा होतो, असे म्हणणे म्हणजे उंदरावरून माणसावर आणि प्रतिबंधावरून उपचारावर अशा दोन उड्या एकदम मारणे होय.

चाचणी करणाऱ्या संशोधकांनी स्वतः दोन्ही गोष्टी लिहिल्या: पूड गुणकारी आहे, आणि अपायाच्या शक्यतेमुळे ती एवढ्यात वापरू नये. लोकप्रिय लेखनात पहिले वाक्य उतरते, दुसरे गळते. ते गळले तर वाचणारा रुग्ण पूड मागवतो आणि डॉक्टरांना सांगतही नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसते.

शिक्षकांनी वरचे चार गट नववी-दहावीच्या मुलांपुढे मांडावेत आणि दोनच प्रश्न विचारावेत. औषधाने गुण येतो हे या आकड्यांवरून कळते का? ते निर्धोक आहे हे कळते का? दोन्हींची उत्तरे वेगळी का, याची चर्चा मुलांनाच करू द्यावी.