दगडातलं झाड आणि पत्र्याचे षटकोन

आमच्या ऑफिसच्या इमारतीला बाहेरून पत्र्याची जाळी आहे. षटकोनाशेजारी षटकोन, असं नऊ मजले. पहिल्या दिवशी वाटलं, वा, मधाचं पोळं! आता रोज बघून कळलंय की तो एक लूप आहे, कुणीतरी एकदाच लिहिलेला.

अहमदाबादची सिदी सय्यद मशीद बघून आल्यापासून हे जास्तच खुपतंय. मशीद १५७३ची, म्हणजे गुजरातची सल्तनत अकबराच्या हातात गेली त्याच सुमाराची. पश्चिमेच्या भिंतीतल्या कमानींमध्ये दगडी जाळ्या आहेत. काहींत छोटे चौकोनी तुकडे जोडून भूमितीची नक्षी केलीय. दोन कमानींत मात्र झाडं आहेत, एकमेकांत गुंतलेली, वळत-वेटाळत कमानीच्या कडेपर्यंत गेलेली.

फोटो सगळे झाडाचाच काढतात. आयआयएम अहमदाबादच्या लोगोमागेही तेच झाड. मीही काढले, चाळीसेक तरी. पण ‘किती नाजूक, किती नैसर्गिक’ म्हणून पुढे जाणं मला पटत नाही. जाळीचा नियम कडक असतो: उरलेला सगळा दगड एकमेकांना जोडलेला हवा, सुटा राहिला तो खाली पडणार. भूमितीत हे कोडं एका तुकड्यात सुटलं की बरंचसं काम झालं. झाडात तसं नाही. प्रत्येक वेलांटी शेजारच्या फांदीला कुठेतरी टेकवावीच लागते. वर कमान वळते तिथे जागा आक्रसते, म्हणजे पुन्हा नवा विचार. खऱ्या झाडाच्या फांद्या अशा एकमेकींना धरून थोडीच उभ्या असतात? त्यामुळे सगळ्यांत ‘सहज’ दिसणारी जाळीच मला सगळ्यांत जास्त हिशेबी वाटते.

आणि त्या चौकोनी जाळ्यांना कुणी दुय्यम समजू नये. आत उभं राहिलं की कळतं, त्या शांत आहेत म्हणून झाड बोलतं. मधली कमान तर बंदच आहे, तिच्यात जाळीच नाही. दोन्ही बाजूंना एवढी गजबज असताना ती कोरी जागा मला फार आवडली.

आमच्या षटकोनांबद्दल माझी तक्रार ते भूमितीतले आहेत ही नाहीच. चारही बाजूंना भोक त्याच मापाचं आहे, ही आहे. ऊन कुठून येतं याप्रमाणे माप बदलणं आज काही ओळींचं काम. पण ते कुणी मागितलंच नसावं. पश्चिमेकडे बसणारे आम्ही दुपारी तीनला पडदे ओढतो आणि दिवे लावतो.