शर्मन जागच्या जागी वळत नाही

रिमोटवर चालणारा रणगाडा चांगला आहे की नुसताच महाग, हे तो उभा असताना कळत नाही. तो थांबताना कळतं. स्टिक सोडली की तो खिळल्यासारखा जागीच गप्प होतो, की नाक जरा खाली घालतो, एक हेलकावा घेतो आणि मग शांत होतो? पहिला असेल तर खेळणं आहे. दुसरा असेल तर त्याच्याबद्दल बोलता येईल.

या छंदात समीक्षा भरपूर चालते, तासातासाच्या व्हिडिओंमधून चालते, पण जवळपास सगळी उभ्या रणगाड्याची. खिळे मोजणारी एक जमातच आहे. टरेटवरची वेल्डिंगची शिवण कुठून गेली, अमुक महिन्यात कारखान्यातून निघालेल्या गाडीला मागे तमुक हूक होता का, यावर रात्र-रात्र वाद. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्यांच्यामुळे थापा टिकत नाहीत. पण कवितेत फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासून परीक्षण संपवावं, तसं ते वाटतं. त्यातली गंमत अशी की रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये आज सर्रास दिसणारं १:३५ हे प्रमाण कुठल्या अभ्यासातून आलेलं नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर काढला. आत मोटर आणि बॅटरी मावायला जेवढी जागा लागली, त्यातून तो आकार ठरला. म्हणजे आधी चालणं आलं, मग प्रमाण. खिळे मोजणं त्याच्यानंतरचं.

माझा रणगाडा शर्मन आहे, १:१६ प्रमाणाचा, साधारण ३६ सेंटिमीटर लांब. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी सुरू केला, नोकरी लागली, पुण्याला गेलो आणि खोका अकोल्यातच घराच्या माळ्यावर राहिला. अकोल्याचे पाच उन्हाळे त्याने तिथे काढले. पत्र्याखालचा माळा मे महिन्यात काय असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. गिअरबॉक्समधलं ग्रीस थिजून गुळाच्या काकवीसारखं झालं होतं, दुहेरी टेपचा डिंक वितळून वायरींवर उतरला होता, बॅटरी फुगून बसली होती. प्लास्टिक मात्र जसंच्या तसं.

पाच वर्षांनी स्वतःचं अर्धवट काम उघडलं की ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाचता येतं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. जुनी फाइल उघडायची, कोणी लिहिलंय बघायचं, आपलंच नाव दिसतं. आणि अर्धवट मॉडेलचा एक फायदा पूर्ण झालेल्याला नसतो: त्याची झाकणं अजून उघडी असतात. तो काय दाखवतो आणि काय लपवतो, दोन्ही एकाच वेळी समोर असतं.

ग्रीस धुतलं, नवी बॅटरी घातली, रंगाविनाच अंगणात सोडला. माझा आठ वर्षांचा भाचा बघत होता. एक मिनिट गप्प राहिला, मग म्हणाला, "मामा, हा तं बकरीवानी पयते!"

या विषयावर मी वाचलेल्या-ऐकलेल्या सगळ्या परीक्षणांत हे सगळ्यात नेमकं आहे.

रणगाडा बकरीसारखा का पळतो, याचं उत्तर गणितात आहे. लांबी १६ पट कमी केली की घनफळ १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ४,०९६ पट कमी होतं. खरा शर्मन साधारण ३० टनांचा. त्या हिशोबाने मॉडेल सव्वासात किलोचं हवं. असतं तीन-साडेतीन किलोचं, कारण पोलादाच्या जागी प्लास्टिक आणि आत बरीचशी हवा. खरा शर्मन रस्त्यावर ताशी ३८-४० किलोमीटर जायचा. त्याचा सोळावा भाग म्हणजे ताशी अडीच किलोमीटर, भाजी घेऊन रमतगमत घरी येणाऱ्या माणसापेक्षाही सावकाश. पण स्वस्त किट त्याच्या दुप्पट वेगाने सुटतं, कारण दुकानात ते बघायला मजा येते.

वेग कमी करता येतो. काळाचं काय करणार? पडणं, उसळणं, डोलणं, हे सगळं गुरुत्वाकर्षणाच्या तालावर चालतं, आणि तो ताल लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. १६ चं वर्गमूळ ४. खरी गाडी खड्ड्यातून जाताना एका सेकंदात जो झोल घेते, तो मॉडेल पाव सेकंदात उरकतं. आपला डोळा इतका मुरलेला असतो की गणित न येताही त्याला हे खटकतं. लहान वस्तू घाईत हलतात, मोठ्या सावकाश, एवढं त्याला जन्मापासून माहीत असतं. जुने सिनेमावाले छोटी जहाजं आणि छोटी घरं कॅमेरा जोरात फिरवून टिपायचे ते याच कारणाने. तुमच्या फोनमध्येही ही सोय आहे. एखादी रिमोटची गाडी खडबडीत जमिनीवर पळवा, सेकंदाला १२० फ्रेमने टिपा आणि ३० ने बघा. बरोबर चार पट सावकाश. बकरीची म्हैस होते.

पण समोर बसून बघणाऱ्याला स्लो मोशन दाखवता येत नाही. मग जडपणा लिहावा लागतो. माझ्या शर्मनमध्ये एक छोटा आर्डुइनो बोर्ड आहे, आणि मी जी फाइल पाच वर्षांनी उघडली तिचं काम एवढंच होतं: स्टिक जेवढी ढकलली, तेवढी वीज मोटरला द्यायची. कोड स्वच्छ होता, आणि रणगाड्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आता त्यात असं आहे की स्टिक पूर्ण पुढे ढकलली तरी मोटर तीन सेकंदांत हळूहळू वेग घेते. सोडली तर वीज लगेच जात नाही, सव्वा सेकंदात उतरते, आणि शेवटी पुढच्या चाकांवर भार पडल्यासारखा एक हलका झटका. ही लबाडी आहे का? रंगमंचावर रिकामी बॅग उचलणारा नट खांदा एका बाजूला झुकवतो, तेवढीच आहे. बॅग खरंच जड असती तर त्याला अभिनय करावा लागला नसता.

खरी लबाडी मला वळण्यात सापडली. बाजारातले जवळजवळ सगळे रिमोटचे रणगाडे जागच्या जागी भोवऱ्यासारखे फिरतात. डाव्या पट्ट्याला एक मोटर, उजव्याला एक. एक पुढे, एक मागे, झालं. जर्मन टायगर असा फिरू शकायचा, ब्रिटिश सेंच्युरियनही. शर्मन नाही. त्याचं इंजिन एक आणि दोन्ही पट्टे एकाच डिफरन्शियलला बांधलेले. ड्रायव्हरच्या हातात दोन लिव्हर. डावा ओढला की डावा पट्टा मंदावतो आणि उजवा तेवढाच वेग घेतो, पण मंदावलेला पट्टा कधी थांबत नाही आणि उलटा तर फिरतच नाही. म्हणून शर्मनला पूर्ण वळायला साधारण १९ मीटर व्यासाचं वर्तुळ लागायचं. गल्लीत अडकला की पुढे-मागे, पुढे-मागे. प्रत्येक रणगाड्याची वळण्याची अशी एक बोली असते, आणि दोन मोटरचं स्वस्त किट त्या सगळ्यांना एकाच प्रमाण भाषेत बोलायला लावतं. हुक कुठे होता यावर भांडणारे लोक यावर चकार शब्द काढत नाहीत.

कोणता रणगाडा विकला जातो, हेही समीक्षेत यायला हवं. टायगर जेमतेम १,३५० च्या आसपास बनले, शर्मन ४९ हजारांच्या आसपास. दुकानाच्या शेल्फवर मात्र टायगरचीच सत्ता. माझ्या खोक्यात चिकटवायला चिन्हं आली ती अमेरिकन पांढरे तारे. शर्मन आपल्याही सैन्यात होता हे खोक्याला माहीत नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला जी लढाई झाली, तिच्यात डेक्कन हॉर्सकडे शर्मनच होते, महायुद्धातले म्हातारे, आणि समोर त्यांच्यापेक्षा कितीतरी नवे पॅटन. भारतीय बाजूला सेंच्युरियन होते, एएमएक्स होते, जीपवरच्या तोफेसह अब्दुल हमीद होते. आणि पाणी सोडलेली उसाची शेतं होती. पॅटन त्या चिखलात रुतले.

हे वाचल्यापासून मॉडेलवाल्यांचा चिखल मला बघवत नाही. रंगाच्या बाटल्यांवर 'युरोपियन मड' लिहिलेलं असतं, ब्रशने चाकांवर शिंपडायचं, वर थोडा गंज, झाली गाडी युद्धावर जाऊन आलेली. चिखल म्हणजे मेकअप. वऱ्हाडातल्या माणसाला हे पटूच नये. आमची काळी माती पावसाने फुगते आणि चपलेला धरते ती दर पावलाला एकेक थर चढवत जाते. जुलैत मी शर्मन घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर नेला. चार फूट गेला. पट्टे आणि चाकांमध्ये माती भरून घट्ट झाली, मोटर कण्हली, बोर्डने वीज तोडली. मग अर्धा तास जुन्या टूथब्रशने खरवडणं. माझ्या रणगाड्यावर आज जो चिखल आहे तो तेवढाच, ब्रश पोचला नाही तिथला.

अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. अकोल्याहून एका दिवसात जाता येतं. मुलं तिथे नळ्यांखाली उभी राहून फोटो काढतात, मीही काढलेत. दुपारी पोलादाला हात लावला तर पोळतो. ढकलून बघायची इच्छा प्रत्येकाला होते, आणि प्रत्येक जण हळूच ढकलून बघतो. नरनाळ्यावरच्या नऊगजी तोफेशी आम्ही लहानपणी हेच करायचो. याच शहरात, सैन्याच्या रणगाडा प्रशिक्षण केंद्रात, 'फामागुस्ता' जपून ठेवला आहे. हा अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत. पेटलेला रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा हुकूम रेडिओवर आला होता, आणि तोफ अजून चालतेय म्हणून ते आतच थांबले. वय २१. मी शर्मन माळ्यावर ठेवला तेव्हा माझंही साधारण तेवढंच होतं.

अंगणात मी वळणाचा कोड तपासत होतो तेव्हा शेजारचे एक निवृत्त सुभेदार फाटकाशी थांबले. त्यांनी खिळे मोजले नाहीत, वेग विचारला नाही. बराच वेळ बघून एवढंच म्हणाले, "अन् डायवर बाहीर कोठून निंगते?"

मी वाकून पाहिलं. ड्रायव्हरच्या डोक्यावरचं झाकण होतं. बिजागरी, मूठ, सगळं बारकाईने कोरलेलं. पण ते झाकण नव्हतंच. वरच्या सांगाड्यासोबत एकाच साच्यात ओतलेला उंचवटा होता. आत सीट नाही, लिव्हर नाहीत, बॅटरीचा कप्पा. खऱ्या शर्मनमध्ये पाच माणसं बसायची. पुढच्या दोघांना डोक्यावर झाकणं होती, जमिनीत एक तातडीचं दार होतं, आणि तरीही टरेट एका विशिष्ट कोनात अडकला तर तोफ झाकणावर आडवी येऊन खालचा माणूस आत कोंडला जाऊ शकायचा. पेटलेल्या रणगाड्यात हा प्रश्न सेकंदांचा असतो. किट बनवणाऱ्याने मूठ कोरली, कारण ती फोटोत दिसते. दार ठेवलं नाही, कारण आत कोणी नाही.

म्हणून गोळी लागल्याची भोकं मी रंगवणार नाही. स्पर्धांमध्ये त्यांना गुण मिळतात. तापलेल्या तारेने प्लास्टिक वितळवून कडेला काजळी कशी धरवायची याचे धडेच आहेत. आतून बाहेर यायची वाट ज्याला दिलेली नाही, त्याला बाहेरून भोकं पाडणं मला जमणार नाही.

दोन्ही झाकणं करवतीच्या पात्याने कापून काढली. पितळी तारेच्या बिजागऱ्या केल्या. आता ती उघडतात. बॅटरी एक इंच मागे सरकवली आणि पुढे दोन माणसांची जागा मोकळी सोडली आहे. तळाला गाडीच्या चाकांना लावतात ती शिशाची वजनं चिकटवली, एकूण साडेपाच किलो झालं. याहून जास्त गिअर झेपवत नाहीत. कोडमध्ये एक ओळ वाढली: आतला पट्टा कधीही थांबणार नाही. त्यामुळे शर्मनला वळायला आता सव्वा मीटर लागतो, आणि आमच्या अंगणात तुळशी वृंदावन आणि भिंतीमध्ये एवढी जागा नाही. पुढे, मागे, पुन्हा पुढे. तिसऱ्या खेपेला निघतो.