एका कारकुनाची किंमत

पैसे मोजून पुस्तक विकत घ्यायचं आणि घरी मात्र आणायचं नाही, असा व्यवहार आमच्या बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हता. विक्री म्हणजे किंमत घेऊन मालाची मालकी दुसऱ्याला देणे, ही १९३०च्या मालविक्री कायद्यातली गोष्ट आम्ही परीक्षेपुरती का होईना, घोकली होती. त्यामुळे भाचा जेव्हा "मामा, एक डिजिटल रूलबुक घ्यायचंय, तुझं कार्ड दे ना," म्हणाला, तेव्हा मी खिशातून कार्डाऐवजी चष्मा काढला. कागद वाचल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, हा आमचा धर्म.

रूलबुक होतं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाच्या खेळाचं. ज्यांच्या घरात हा खेळ अजून शिरलेला नाही, त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांचा हा खेळ १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या खोक्यातून बाजारात आला. किंमत दहा डॉलर. यात एक जण कीर्तनकारासारखा कथा लावतो. फरक इतकाच की, श्रोते मान डोलवत बसत नाहीत. मध्येच एखादा उठून म्हणतो, "बुवा, मी राक्षसाच्या मागून जाऊन त्याची थैली मारतो." जमलं की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो.

पण कथेत शिरण्याआधी प्रत्येकानं आपलं पात्र घडवायचं असतं, आणि खरी मौज तिथंच आहे. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण. चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान आकडा सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज मांडायची. असं सहा वेळा. मग प्रत्येक बेरजेतून दहा वजा करायचे, निम्मे करायचे आणि अर्धा राहिलाच तर तो खालच्या बाजूला धरायचा. आलं तुमचं अधिक-उणं. बुद्धी आणि शहाणपण ही दोन वेगळी खाती धरणारा हिशेब मी प्रथमच पाहिला. आमच्या शाखेत ती एकत्र धरतात आणि म्हणून बॅलन्स जुळत नाही.

भाच्याच्या एका मैत्रिणीकडे या पुस्तकाच्या २०१४ आणि २०२४ अशा दोन्ही छापील प्रती आहेत. त्या मी मागून आणल्या आणि लागोपाठ चार रविवार वाचल्या. २०१४च्या लेखकांना गोष्ट सांगता येत होती, फॉर्म भरून घेता येत नव्हता. वंश दुसऱ्या प्रकरणात, पेशा तिसऱ्यात, पूर्वायुष्य चौथ्यात, हत्यारं पाचव्यात आणि मंत्र थेट अकराव्यात! एक जादूगार उभा करायचा, तर डाव्या हाताची पाचही बोटं पाच ठिकाणी अडकवून उजव्यानं लिहावं लागतं. नवं ३८४ पानी पुस्तक या बाबतीत सुधारलंय. खेळ कसा चालतो ते आधी, पात्र कसं घडवायचं ते लगेच पुढे. शिवाय जुन्या पुस्तकात गुणांची वाढ वंशावरून मिळायची. एल्फ म्हणून जन्माला आलात की चपळाई दोननं वर. नव्यात ती पूर्वायुष्यातल्या कामधंद्यावरून मिळते. ज्यासाठी आपल्याकडे समाजसुधारकांनी जन्म वेचले, ते यांनी एका आवृत्तीत उरकलं.

या पूर्वायुष्यांच्या सोळा नावांत शेतकरी, खलाशी, व्यापारी, भामटा यांच्या पंगतीला मला चक्क 'स्क्राइब' बसलेला दिसला. लेखनिक. म्हणजे आम्हीच की! त्याची वाढ कशात, तर चपळाई, बुद्धी आणि शहाणपण यांत. ताकदीचं नाव नाही, ते बरोबरच आहे. छाप नाही, तेही कबूल. कौशल्यं दोन: तपास आणि बारीक नजर. अवजार काय, तर सुलेखनाचं साहित्य. ज्यानं हे लिहिलं, त्याचं एखादं व्हाउचर कुणीतरी नक्की परत पाठवलं असणार. मी हौसेनं हे सगळं सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चपळाई कुठं दिसली त्यांना?"

आता डिजिटल रूपाकडे वळू. 'डी अँड डी बियाँड' ही पेढी २०१७ साली निघाली आणि २०२२ साली हॅस्ब्रो कंपनीनं ती १४ कोटी ६३ लाख डॉलरना घेतली. तिथं काही नियम फुकट वाचता येतात, त्यावर पात्रही घडवता येतं. परंतु नव्या फुकट नियमांत पूर्वायुष्यं चारच: मठातला सेवेकरी, गुन्हेगार, विद्वान आणि सैनिक. म्हणजे चोर व्हायला छदाम लागत नाही. कारकून व्हायचं, तर अख्खं पुस्तक घ्या. २०२४ साली ते निघालं तेव्हाची डिजिटल किंमत २९ डॉलर ९९ सेंट, आपले अडीच हजारांच्या वर! पूर्वी तिथं सुटी विक्री होती. हवी ती एखादीच शाखा, एखादाच वंश थोडक्या पैशांत मिळे. २०२४ साली ती बंद झाली. वाण्याकडे पावशेर साखर मागावी आणि त्यानं पोत्याकडे बोट दाखवावं, तशातला प्रकार.

बरं, पोतंही घेतलं असतं. पण ते दुकानातच ठेवायचं, हा माझा खरा आक्षेप. अटींमध्ये लिहिलंय की, तुम्हाला मिळतो तो वापराचा परवाना. पुस्तक त्यांच्या ॲपमध्ये किंवा त्यांच्या पानांवर वाचायचं. वेगळी पीडीएफ मिळत नाही. बँकेच्या लॉकरमध्ये लॉकर बँकेचा आणि आतला ऐवज तुमचा असतो. इथं लॉकर त्यांचा, ऐवजही त्यांचा. भाडं भरून किल्ली तेवढी तुम्ही सांभाळायची. हे मी एकटाच म्हणत नाही. कॅलिफोर्निया राज्यानं १ जानेवारी २०२५पासून कायदाच लागू केला की, नुसता परवाना देणार असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय बटणावर 'खरेदी' लिहू नका.

"मामा, अटी कोण वाचतं रे?" भाचा म्हणाला.

आता ऑगस्ट २०२४ बघा. नवी आवृत्ती दारात उभी असताना कंपनीनं जाहीर केलं की, लोकांच्या पात्रांच्या पत्रकांवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांप्रमाणे बदलल्या जातील. ज्यांनी २०१४चं पुस्तक पैसे देऊन घेतलं होतं आणि ज्यांचा खेळ त्याच नियमांवर अर्ध्यात होता, त्यांनी आकांत केला आणि काही दिवसांत तो बेत मागं घेतला गेला. मागं घेतला हे चांगलंच झालं; पण घेता आला नसता तर? माझ्या जुन्या पासबुकातल्या नोंदी उद्या बँक नव्या व्याजदरानं खोडून लिहू लागली, तर मी काउंटरच्या अलीकडचा असूनही पलीकडं जाऊन भांडेन. या पोरांची पात्रं तीन-तीन वर्षं चालतात. एखाद्या वीराची सगळी भिस्त एकाच मंत्रावर असते आणि तो मंत्र रात्रीतून पातळ झाला की, वर्षांची मैत्री टेबलाभोवती रुसून बसते.

याच खेळाच्या पीडीएफ कधी मिळतच नव्हत्या, असंही नाही. मिळत होत्या. एप्रिल २००९मध्ये प्रकाशकांनी चोरट्या नकलांचं कारण देऊन त्यांची विक्री एकदम थांबवली आणि ती पुन्हा सुरू व्हायला २०१३ उजाडलं. ज्यांनी उतरवून घेतल्या होत्या, त्यांच्या मधल्या काळातही त्यांच्याच राहिल्या.

ॲप वाईट नाही. खतावणी म्हणून तर फारच छान. पेशा निवडला की बेरजा आपोआप, चिलखत चढवलं की आकडा आपोआप. मात्र "तुझ्या योद्ध्याचा बचाव सोळा कसा?" असं मी भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ॲपमध्ये आलाय." चेन मेल नावाच्या चिलखताचे सरळ सोळा मिळतात, ही एक ओळ पुस्तकात आहे. फाशांवरून हातानं पत्रक भरणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी कळते. आमच्याकडेही संगणक बंद पडला की, व्याज तोंडी काढणारे एकच जुने हेडकॅशियर उरतात आणि तेवढ्यापुरता त्यांचा भाव वधारतो.

सगळे प्रकाशक असेच, असंही म्हणता येणार नाही. 'पाथफाइंडर' या याच जातीच्या खेळाचे सगळे नियम प्रकाशकांच्या संमतीनं फुकट वाचायला मिळतात, कारकुनासकट. आणि ज्याला पुस्तक हवं, त्याला पीडीएफ विकत घेऊन आपल्या यंत्रावर उतरवून ठेवता येते. ती कंपनी अजून जिवंत आहे.

'बियाँड'वरचं विकत घेतलेलं पुस्तक आपल्या चमूला वाचायला द्यायचं, तर त्यासाठी वरच्या दर्जाची मासिक वर्गणी भरावी लागते. ती भरली की एकाच्या पुस्तकावर बाकीच्यांची पात्रं घडतात, हे मान्य. वर्गणी थांबली की उसनवारीही थांबते. मैत्रिणीच्या छापील प्रतीला असलं काही लागत नाही. तिच्यात स्क्राइबच्या पानावर आमटीचा डाग आहे. तो माझ्या आधीच्या वाचकाचा. माझ्यानंतर ती प्रत भाच्याच्या कॉलेजातल्या एकाकडे गेली, त्याच्याकडून त्याच्या मावसभावाकडे, आणि सध्या ती नाशिकला आहे, असं ऐकतो.