गोल आणि जग

नाताळच्या दिवशी आणि ईस्टरच्या रविवारी संत पेत्राच्या महामंदिराच्या सज्जातून पोप महोदय जो आशीर्वाद देतात, त्याला लॅटिनमध्ये ‘उर्बी एत ओर्बी’ म्हणतात. आपण त्याचे मराठी ‘शहराला आणि जगाला’ असे करतो आणि पुढे जातो. परंतु ‘ओर्बिस’ म्हणजे मुळात वर्तुळ. रोमन लोक ‘भूमींचे वर्तुळ’ असा शब्दप्रयोग करीत, आणि त्या वर्तुळाच्या मध्यभागी रोम आहे हे त्यांनी गृहीतच धरलेले असे. फ्रेंच तत्त्वचिंतक जाँ-लुक नान्सी (१९४०-२०२१) यांनी जगाची निर्मिती आणि जागतिकीकरण या विषयावर २००२ साली जो छोटा पण अवघड ग्रंथ लिहिला, त्याचा आरंभ नेमका या आशीर्वादाच्या शब्दांनी होतो. ते म्हणतात की, बोलीभाषेत या शब्दांना आता ‘सगळीकडे, कुठेही’ एवढाच अर्थ उरला आहे. शहर पसरत पसरत सर्व भूमी व्यापून बसले. मग शहर कोणते आणि जग कोणते, हे सांगावे कसे?

या ग्रंथाचा आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो त्यातील एका शब्दभेदासाठी. इंग्रजीत ज्याला ‘ग्लोबलायझेशन’ म्हणतात, त्याला फ्रेंच भाषा ‘मोंदिआलिझासियों’ म्हणते. पहिला शब्द ‘ग्लोब’पासून, म्हणजे गोलापासून झाला, दुसरा ‘मोंद’पासून, म्हणजे जगापासून. नान्सी यांच्या मते हे दोन शब्द एकाच गोष्टीची दोन नावे नाहीत. गोल म्हणजे बंद झालेली, साठत गेलेली वस्तुराशी. जग म्हणजे ज्यात अर्थाला वाव आहे, ज्यात कोणीतरी कोणाचे तरी आहे, असा राहण्याजोगा अवकाश. पैसा, माल आणि यंत्रे यांनी गोल भरत जातो, आणि तो जसजसा भरतो तसतसे जग रिते होते, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे.

गोल आणि जग यांतील अंतर समजण्यास न्यूरेंबर्गच्या मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल फार उपयोगी आहे. आज शिल्लक असलेल्या पृथ्वीगोलांमध्ये तो सर्वांत जुना. तो १४९२ साली तयार झाला, म्हणजे ज्या वर्षी कोलंबस अटलांटिक महासागर ओलांडून गेला त्याच वर्षी. साहजिकच त्या गोलावर अमेरिका खंड नाही. परंतु त्या वेळी अमेरिकेत माणसे राहत होती, शेते पिकत होती, देवाची आळवणी होत होती. गोलावर नसूनही ती जगे होती. याच्या उलट, गोलावर जागा मिळाली म्हणून त्या जगांचे रक्षण झाले असेही इतिहास सांगत नाही. नकाशावर आल्यानंतरच त्यांतील कित्येक जगे नाहीशी झाली.

गोल पाहावयाचा तर बाहेर उभे राहावे लागते. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी घेतलेले पृथ्वीचे पूर्ण छायाचित्र आपल्या शाळांच्या भिंतींवर आजही दिसते. ते सुंदर आहे, आणि त्यात एकही माणूस दिसत नाही. जगाला असे बाहेरून पाहता येत नाही. जगात असावे लागते. हॅना आरेंट या विदुषीने १९५८ साली जग या कल्पनेसाठी मेजाचा दृष्टान्त दिला होता. भोवती बसलेल्यांना मेज एकत्र आणते आणि त्यांच्यात अंतरही राखते. मेजच नाहीसे झाले, तर माणसे समोरासमोर असूनही त्यांच्यात काही समाईक उरत नाही. नान्सींच्या दाट गद्यातून वाट काढताना आम्हांला या मेजाचा मोठा आधार झाला, हे नमूद केले पाहिजे.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत हा भेद बोलीत पक्का मुरलेला आहे. ‘जग काय म्हणेल’, ‘त्याने जग पाहिले आहे’, ‘ही तर जगरहाटी’ या ठिकाणी कोणी ‘गोल’ किंवा ‘पृथ्वी’ घालून पाहावे. वाक्य जागीच कोसळेल. ‘जगत्’ या संस्कृत शब्दात गतीचा अर्थ आहे, जे चालते ते जग. ‘पृथ्वी’ या शब्दात विस्तीर्णपणा आहे. ज्ञानेश्वरांनी पसायदानासाठी ‘विश्व’ शब्द निवडला, आणि वेदवाङ्मयात त्याचा अर्थ ‘सर्व’ असा आहे. वगळलेला त्यात कोणीच नाही. ‘संसार’ तर याहून जवळचा. गोव्याच्या कोकणीत जगाला ‘संवसार’ म्हणतात. मराठीत संसार म्हणजे चूल, भांडी, मुलेबाळे. संसार थाटता येतो, संसार उघड्यावर पडतो. गोल उघड्यावर पडत नाही.

एवढी श्रीमंती असताना १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर आपण ‘ग्लोबलायझेशन’ला प्रतिशब्द केला तो ‘जागतिकीकरण’. हिंदीत ‘भूमंडलीकरण’ असाही शब्द चालतो, आणि तो अधिक प्रामाणिक आहे असे आमचे मत आहे. त्यात भूमंडल व्यापण्याची क्रिया सांगितली आहे. जगाचा दावा केलेला नाही. आम्ही मात्र जुना, मायेचा शब्द एका बाजारव्यवहाराला देऊन टाकला. येथेच नान्सींशी आमचा पहिला मतभेद होतो. त्यांना आपल्या भाषेतील शब्दात ‘मोंद’ शिल्लक आहे याचा दिलासा वाटतो; जणू शब्दाने एक दार उघडे ठेवले आहे. मराठीचा अनुभव निराळा आहे. येथे ‘जग’ हा शब्द दार न होता पडदा झाला. ज्या व्यवहाराने शेतकऱ्याचा बाजारभाव दूर देशी ठरू लागला, त्याला आपण जगाचे नाव दिले, आणि मग त्याविरुद्ध बोलणारा जगाविरुद्धच बोलतो आहे असे भासू लागले. चळवळीतील मंडळींनी खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण यांची आद्याक्षरे जुळवून ‘खाउजा’ असा शब्द केला. तो विनोदी आहे खरा, पण त्यात निदान पडदा नाही.

‘जागतिक’ या विशेषणावर तर आपण भलतेच ओझे लादले आहे. जागतिक महायुद्ध, जागतिक बँक, जागतिक तापमानवाढ. महायुद्धाने जगे उद्ध्वस्त केली, तेथे शब्द चपखल आहे. तापमान वाढते ते मात्र पृथ्वीचे, गोलाचे. आणि तेथे पृथ्वीचे नाव न घेतल्यामुळे ही आपल्या पायाखालच्या मातीची गोष्ट आहे हे सहज निसटते.

धर्मग्रंथाच्या भाषांतरातही हा प्रश्न दडलेला आहे. नव्या करारातील ‘कोस्मोस’ आणि ‘ओइकुमेने’ हे ग्रीक शब्द वेगळे आहेत. संत लूकने दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी कैसराच्या नावनोंदणीविषयी लिहिताना ‘ओइकुमेने’ वापरला आहे. वस्ती असलेली भूमी असा त्याचा अर्थ, आणि कैसराच्या दृष्टीने ती म्हणजे त्याचे साम्राज्यच. संत योहानाच्या तिसऱ्या अध्यायात देवाच्या प्रीतीचा विषय होते ते ‘कोस्मोस’. पंधराव्या अध्यायात शिष्यांचा द्वेष करते तेही ‘कोस्मोस’च. ज्यावर प्रीती करता येते आणि जे द्वेष करू शकते ते जग. नावनोंदणी मात्र गोलाचीही होऊ शकते.

दुसरा मतभेद अधिक खोल आहे. शून्यातून निर्मिती हा ख्रिस्ती सिद्धान्त नान्सी स्वीकारतात, परंतु निर्मात्याला बाजूला ठेवून. जग कोणी कारागिराप्रमाणे घडविले नाही, ते कशाच्याही आधाराविना उगवते, असे ते म्हणतात. यातील पहिला भाग आपण आदराने ऐकावा. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात देवाला कुंभार करून सोडण्याची सवय आहे, आणि तेथे आपण नकळत जगाचा गोल करतो; घडवून झालेला, फळीवर ठेवलेला. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने देवाने सारे शून्यातून निर्मिले असे सांगितले, त्यात कुंभाराची माती नाही. पण निर्मात्याला वजा केल्यावर जग ही देणगी कशी राहते, याचे उत्तर या ग्रंथात आम्हांला मिळाले नाही. देणाऱ्यावाचून देणे असू शकते, असे लेखक गृहीत धरतो. ते सिद्ध करीत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘एवांजेली गाउदियुम’ या पत्रात हाच प्रश्न भूमितीच्या भाषेत मांडला होता. गोलाच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतो, कोणाचे काही वेगळे उरत नाही. म्हणून त्यांनी गोलाऐवजी अनेक पैलू असलेल्या घनाकृतीची निवड केली, जिच्यात प्रत्येक बाजू आपला आकार राखून एकत्र येते. नान्सींनी शंभराहून अधिक पानांत जे झगडत सांगितले, ते येथे एका परिच्छेदात आले आहे. मात्र बाजू एकमेकींना चिकटतात कशाने, हे सांगण्याचे कष्ट नान्सींनी अधिक घेतले आहेत.

या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर २००७ साली निघाले. त्याच्या मथळ्यात भाषांतरकारांना ‘ग्लोबलायझेशन’ हाच शब्द घ्यावा लागला, त्यामुळे ‘मोंद’ आणि ‘मोंदिआलिझासियों’ यांतील नाद हरवला. मराठीत मात्र ‘जगाची निर्मिती अथवा जागतिकीकरण’ असा मथळा केला तर तो नाद जसाच्या तसा राहतो. अडचण येईल ती आतल्या पानांवर, जेथे लेखक दोन्ही शब्द समोरासमोर उभे करतो. तेथे ‘ग्लोबलायझेशन’ला काय म्हणावे? लॅटिन ‘ग्लोबुस’चा अर्थ चेंडू, तसाच माणसांचा घोळका. आपल्याकडेही ‘गोळा’ म्हणजे चेंडूसारखी वस्तू आणि ‘गोळा करणे’ म्हणजे साठवणे. नान्सींना अभिप्रेत असलेले दोन्ही अर्थ या एका घरगुती शब्दात आहेत. भावी भाषांतरकाराने परिभाषाकोश उघडण्यापूर्वी त्याचा विचार करावा.