खाज कोणाची?

आज आपण एरिक रेमंड यांचा ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ हा १९९७ सालचा निबंध थोडा तपासून पाहू.

रेमंड सुरुवात करतात ती अगदी घरगुती अडचणीपासून. आपली ई-मेल घरच्या संगणकावर आपोआप यावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी दुसऱ्याचा एक प्रोग्राम हाती घेतला, वाढवला. त्याचाच पुढे ‘फेचमेल’ झाला. त्यावरून ते पहिला धडा काढतात: चांगलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या खाजेतून जन्मतं.

निरीक्षण खरं आहे. ज्याला त्रास होतो, तोच मन लावून उपाय शोधतो. पण तत्त्वज्ञानात आपण विचारतो, या विधानातला ‘स्वतः’ कोण? इथे तो प्रोग्रामिंग येणारा माणूस आहे. वापरणाऱ्यांना सहकारी माना, असं रेमंड म्हणतात खरं. पण त्यांच्या डोळ्यांपुढचे वापरणारेही बहुतेक प्रोग्रामरच.

आता मराठीकडे बघा. ‘दऱ्या’ डोंगरातल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. फरक फक्त ‘र’च्या रूपाचा. तो अर्धा ‘र’ ज्याने कधी लिहिलाच नाही, त्याला तो नीट न उमटण्याचा त्रास होणार कसा? आणि ज्याला होतो तो मात्र ‘मला कम्प्युटर जमत नाही’ म्हणत स्वतःलाच दोष देतो.

म्हणून रेमंड यांचा धडा आपण खोडू नये, त्याला पुरवणी जोडावी: आपली खाज ओळखाच, पण शेजाऱ्याला कुठे खाजतंय, तेही विचारा.