मक्याच्या दाण्यातील पेशी आणि रेणू : एव्हलिन फॉक्स केलर यांच्या मॅक्लिंटॉक-चरित्राचे पुनर्वाचन

प्रस्तावना

आपल्या विद्यापीठांत रेण्वीय व पेशी जीवशास्त्र शिकणारा विद्यार्थी आणि वनस्पतिशास्त्र शिकणारा विद्यार्थी पुष्कळदा एकाच इमारतीत वावरत असतात. परंतु त्यांची पाठ्यपुस्तके, त्यांची प्रात्यक्षिके आणि त्यांच्या भवितव्याविषयीच्या अपेक्षा यांत फारच थोडे साम्य असते. पहिल्याच्या हाती सूक्ष्मनलिका आणि जेलची प्रतिमा असते, दुसऱ्याच्या हाती वनस्पतिसंग्रहाचा कागद. या दोन अभ्यासशाखा मुळात दोन आहेत काय, की आपल्या सोयीसाठी आपण त्या दोन केल्या आहेत, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी येथे एका ग्रंथाचा आधार घेतला आहे. एव्हलिन फॉक्स केलर यांचा 'अ फीलिंग फॉर दि ऑर्गॅनिझम' हा बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा चरित्रग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅक्लिंटॉक यांना शरीरक्रियाशास्त्र व वैद्यक या विभागाचे नोबेल पारितोषिक कोणाशीही विभागून न घेता मिळाले आणि या ग्रंथाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. विज्ञानाचा इतिहास व स्त्री-अभ्यास या दोन्ही क्षेत्रांत तो आज मान्यताप्राप्त आहे. मात्र जीवशास्त्राच्या शिक्षणाच्या दृष्टीने त्याचे वाचन क्वचितच केले जाते. तसे वाचन करण्याचा हा प्रयत्न आहे.

ग्रंथाचे स्वरूप

केलर यांचे मूळ प्रशिक्षण भौतिकशास्त्रातील. मॅक्लिंटॉक यांच्याशी आणि त्यांच्या समकालीनांशी झालेल्या मुलाखती हा या चरित्राचा कणा आहे. मॅक्लिंटॉक यांचा जन्म १९०२ चा. १९१९ साली त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२३ साली पदवी आणि १९२७ साली वनस्पतिशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. १९२९ साली त्यांनी मक्याच्या दहाही गुणसूत्रांची ओळख पटवून दिली. १९३१ साली हॅरिएट क्रेटन यांच्यासह त्यांनी जनुकांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांच्या तुकड्यांचीही प्रत्यक्ष अदलाबदल होते, हे सिद्ध केले. पुढे १९४१ पासून कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे काम करताना जनुकीय घटक गुणसूत्रावरील आपली जागा सोडून दुसरीकडे जातात, हा निष्कर्ष त्यांनी मांडला. केलर यांच्या कथनाचा उत्कर्षबिंदू १९५१ सालच्या परिसंवादात आहे : तेथे हा निष्कर्ष मांडला गेला, श्रोते गप्प राहिले आणि मॅक्लिंटॉक एकाकी झाल्या.

ग्रंथाची बलस्थाने

या ग्रंथाचे पहिले बलस्थान असे की, तो शास्त्रज्ञाच्या शिक्षणाकडे गांभीर्याने पाहतो. कॉर्नेलमध्ये रॉलिन्स इमर्सन यांच्याभोवती मक्याचा अभ्यास करणारा जो गट जमला होता, त्यात जॉर्ज बीडल आणि मार्कस ऱ्होड्स यांचाही समावेश होता. लेस्टर शार्प यांच्याकडे पेशीविज्ञानाचे शिक्षण आणि प्रत्यक्ष शेतावर मक्याची पैदास, ही दोन्ही कामे एकच विद्यार्थिनी करीत होती. उन्हाळ्यात तुऱ्यांवर व कणसांवर कागदी पिशव्या बांधायच्या, ठरलेल्या झाडाचा पराग ठरलेल्या कणसावर घालायचा आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली त्याच झाडाची गुणसूत्रे पाहायची, असा हा अभ्यासक्रम होता.

१९३१ चा प्रयोग या शिक्षणाचे फळ आहे. नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाला गाठ आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा जोडलेला तुकडा, अशी डोळ्यांना दिसणारी खूण त्यांना मिळाली. त्याच गुणसूत्रावर दाण्याचा रंग आणि दाण्याचा मेणचटपणा ठरविणारी जनुके होती. खूण आणि गुणधर्म यांचा ताळा जमला तेव्हा प्रश्न सुटला. कणीस सोलणारा हात आणि काचपट्टी पाहणारा डोळा एकाच व्यक्तीचे नसते, तर हा ताळा सुचला असता काय, याविषयी शंका वाटते.

दुसरे बलस्थान म्हणजे भाषेचा प्रश्न. मक्याच्या अभ्यासकांची भाषा आणि जिवाणूंवर काम करणाऱ्या नव्या रेण्वीय जीवशास्त्रज्ञांची भाषा यांत पडलेले अंतर केलर यांनी नेमके ओळखले आहे. १९६१ साली जाकोब आणि मोनो यांनी जिवाणूंतील जनुक-नियंत्रणाची मांडणी केली. मॅक्लिंटॉक यांनी त्याच वर्षी मका आणि जिवाणू यांतील नियंत्रणव्यवस्थांची साम्ये दाखविणारा लेख लिहिला. नव्या भाषेत आपले म्हणणे सांगण्याचा तो प्रयत्न होता. उलट दिशेने असा प्रयत्न त्या काळी फारसा झाला नाही.

ग्रंथाच्या मर्यादा

केलर यांच्या कथनाला पुढील संशोधनाने काही ठिकाणी छेद दिला आहे. पहिला मुद्दा पदवीचा. कॉर्नेलमध्ये स्त्रियांना आनुवंशिकीत पदव्युत्तर शिक्षण घेण्यास मज्जाव होता, म्हणून मॅक्लिंटॉक यांना वनस्पतिशास्त्रात नाव नोंदवावे लागले, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. ली कॅस यांनी विद्यापीठातील अभिलेख तपासून २००३ साली दाखवून दिले की, त्या काळात वनस्पती-पैदास विभागातून स्त्रियांना पदव्युत्तर पदव्या मिळत होत्या. ही दुरुस्ती वरवर किरकोळ भासते. परंतु 'वनस्पतिशास्त्र' ही नाइलाजाने पत्करलेली जागा होती, असे मानून आपण त्या विषयाचेच अवमूल्यन करीत असतो, हे लक्षात घेतले पाहिजे. मॅक्लिंटॉक यांना जे पाहायचे होते ते पाहण्याची साधने तेथेच होती.

दुसरा मुद्दा १९५१ च्या मौनाचा. नॅथॅनियल कम्फर्ट यांनी २००१ सालच्या 'द टँगल्ड फील्ड' या ग्रंथात प्रतिपादन केले आहे की, घटक जागा बदलतात हे समकालीनांनी नाकारले नव्हते. त्यांना पटले नव्हते ते, हे घटक जीवाच्या विकासाचे नियंत्रण करतात, हे विधान. मॅक्लिंटॉक स्वतः त्यांना 'नियंत्रक घटक' म्हणत, ही बाब कम्फर्ट यांच्या मताला पुष्टी देते. हे मान्य केले म्हणजे उपेक्षित द्रष्टीची कथा फिकी पडते. पण तिच्या जागी अधिक बोधप्रद कथा येते. एकाच संशोधनातील निरीक्षण स्वीकारले गेले, उपपत्ती स्वीकारली गेली नाही, आणि पारितोषिक निरीक्षणाला मिळाले. उपपत्तीचा निकाल अद्याप पूर्ण लागलेला नाही. २००९ साली मक्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा सुमारे ८५ टक्के भाग अशा चल घटकांचा असल्याचे आढळले. २०११ साली असेही दिसून आले की, टिओसिंटे या रानटी पूर्वजापासून मक्याचा एकखोडी बांधा घडविण्यात ज्या जनुकाचा मोठा वाटा आहे, त्याची क्रियाशीलता एका चल घटकाच्या शिरकावामुळे वाढलेली आहे. विकासाचे सर्वसाधारण नियंत्रण या घटकांकडे आहे, असे यावरून म्हणता येत नाही. मात्र नियंत्रणाशी त्यांचा काहीच संबंध नाही, असेही आता कोणी म्हणू शकत नाही.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अंतःप्रेरणेचा आहे. १९४४ साली बीडल यांच्या निमंत्रणावरून मॅक्लिंटॉक स्टॅनफर्डला गेल्या. न्यूरोस्पोरा या बुरशीची अतिसूक्ष्म गुणसूत्रे त्यांना प्रथम काही केल्या दिसेनात. त्या निलगिरीच्या झाडांखाली जाऊन बसल्या, विचार केला, परतल्या आणि गुणसूत्रे दिसू लागली. केलर यांनी हा प्रसंग अत्यंत हृद्य रीतीने सांगितला आहे आणि जीवाशी एकरूप होण्याचा दाखला म्हणून वापरला आहे. वाचकाला भारावून टाकणारे हे पान अध्यापकाला मात्र अडचणीत टाकते. निलगिरीखाली बसणे विद्यार्थ्याला शिकविता येत नाही. त्यापूर्वीची वीस वर्षे मक्याच्या परागमातृपेशींतील अर्धसूत्री विभाजनाची प्रत्येक अवस्था पाहण्यात गेली होती, ती मात्र शिकविता येतात. केलर या सरावाचा उल्लेख करतात, परंतु स्पष्टीकरणाचा भार त्यावर टाकीत नाहीत.

दाण्यावरील ठिपक्यांचे वाचन

हा सराव म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. मॅक्लिंटॉक यांच्या मांडणीत दोन घटक आहेत : 'डिसोसिएशन' आणि 'अ‍ॅक्टिव्हेटर'. रंग निर्माण करणाऱ्या जनुकात डिसोसिएशन शिरले म्हणजे दाणा रंगहीन होतो. अ‍ॅक्टिव्हेटर उपस्थित असेल तर दाणा वाढत असताना काही पेशींतून डिसोसिएशन बाहेर पडते, त्या पेशींच्या वंशजांत रंग परततो आणि ठिपका दिसतो. बाहेर पडणे लवकर घडले तर ठिपका मोठा, उशिरा घडले तर लहान. म्हणजे ठिपक्याचा आकार हा काळाचा लेख आहे. अ‍ॅक्टिव्हेटरच्या प्रती वाढल्या की ही घटना लांबणीवर पडते आणि ठिपके बारीक होतात.

येथपर्यंतचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकात असते. पण प्रती एक, दोन किंवा तीन कशा असू शकतात? याचे उत्तर वनस्पतीच्या प्रजननात आहे. सपुष्प वनस्पतींत दुहेरी फलन होते. एक नर केंद्रक अंडपेशीशी संयोग पावते आणि त्यातून भ्रूण तयार होतो. दुसरे नर केंद्रक भ्रूणकोशातील दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळते आणि त्यातून भ्रूणपोष तयार होतो. मक्याचा रंगीत थर या भ्रूणपोषाचा भाग आहे. म्हणून तेथे गुणसूत्रांचे तीन संच असतात, दोन मातेकडून आणि एक पित्याकडून. दोन्ही गुणसूत्रांवर अ‍ॅक्टिव्हेटर असलेले झाड माता म्हणून वापरले आणि पित्याकडे तो नसला, तर दाण्यात दोन प्रती येतात. तेच झाड पिता म्हणून वापरले तर एकच. मातापित्यांची अदलाबदल केली की ठिपक्यांचा नमुना का बदलतो, हे ज्याला दुहेरी फलन ठाऊक आहे त्यालाच उमगते.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाच्या तोंडी परीक्षेत एका विद्यार्थिनीने या दोन घटकांची रेण्वीय आकृती निर्दोष काढली. हे ठिपके दाण्याच्या कोणत्या ऊतीत असतात, असे विचारताच ती थांबली. दोष तिचा नव्हता. दुहेरी फलन तिने पदवीच्या पहिल्या वर्षी एका विषयात शिकले होते आणि चल घटक चार वर्षांनी दुसऱ्या विषयात. या दोहोंना जोडणारा तास आम्ही कधी घेतलाच नव्हता. तिच्या गावी खरिपात मका होतो, हे तिने नंतर सांगितले.

अभ्यासक्रमाच्या संदर्भात

ही तुटकता केवळ मक्यापुरती नाही. मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणा शाळेपासून शिकविला जातो. १९९० साली निष्पन्न झाले की, पिष्टमय पदार्थाला शाखा जोडणाऱ्या विकराच्या जनुकात अ‍ॅक्टिव्हेटर-डिसोसिएशन कुळासारखाच एक घटक शिरल्यामुळे तो वाटाणा सुरकुततो. मेंडेल आणि मॅक्लिंटॉक यांची भेट एका वाटाण्यात होते. आपल्या अभ्यासक्रमात ते स्वतंत्र प्रकरणांत बसलेले असतात. त्याच वर्षी पिटुनियाच्या फुलाचा जांभळा रंग गडद करण्यासाठी जादा जनुक घातले असता काही फुले पांढरी झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. जनुकांचे मूकीकरण सुचविणारी ही आरंभीची निरीक्षणे होत. या यंत्रणेचा उलगडा कृमींमध्ये १९९८ साली झाला आणि २००६ सालचे नोबेल त्याला मिळाले. विद्यार्थ्याला कृमी आठवतो, फूल आठवत नाही.

भारतापुरते पाहिले तर या दोन शाखा एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा दूर नाही. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी १९६४ साली धोतऱ्याच्या परागकोशापासून एकगुणित भ्रूण मिळविल्याचे जाहीर केले. भ्रूणविज्ञानाची जाण आणि पेशीसंवर्धनाचे तंत्र एकाच ठिकाणी असल्याचा तो परिणाम होता. १९८६ साली केंद्र शासनाने जैवतंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि त्यानंतरच्या काळात विद्यापीठांतून जैवतंत्रज्ञानाचे स्वतंत्र अभ्यासक्रम वाढले. त्यांचे लाभ निर्विवाद आहेत. मात्र नव्या विषयाची प्रतिष्ठा आणि जुन्या विषयाची अनास्था एकाच वेळी वाढत गेली, हे अध्यापकवर्गातील पुष्कळांच्या अनुभवास आलेले आहे.

निष्कर्ष

केलर यांचा ग्रंथ चार दशकांनंतरही वाचनीय आहे. पण तो आज दोन दुरुस्त्यांसह वाचला पाहिजे. मॅक्लिंटॉक यांचे एकाकीपण त्यात आहे त्याहून कमी नाट्यमय होते आणि त्यांचे प्रशिक्षण त्यात दिसते त्याहून अधिक निर्णायक होते. 'जीवाविषयीची जाण' ही दैवी देणगी मानली तर शिक्षणसंस्थांवर कोणतीच जबाबदारी उरत नाही. ती शेतावर आणि सूक्ष्मदर्शकावर कमावलेली गोष्ट मानली, तर जबाबदारी आपल्यावर येते.

ती पार पाडण्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका हंगामात एक पीक पेरणीपासून दाण्यापर्यंत वाढवावे, त्याच्या परागमातृपेशींतील गुणसूत्रे स्वतः पाहावीत आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्याच झाडाचे डीएनए वेगळे करावे, एवढे प्रात्यक्षिक साधारण महाविद्यालयालाही शक्य आहे. दोघांच्या नोंदवह्या एकाच टेबलावर तपासल्या गेल्या, तर त्या विद्यार्थिनीला विचारलेला प्रश्न पुढच्या वर्षी विचारण्याची गरज राहणार नाही.