खानाचं युद्ध नेमकं कधी झालं?

मंडळी, कामोठ्यात विज्ञानकथेवर बोलायचं आणि विषय घ्यायचा तो मालिकेतल्या तारखांच्या घोळाचा, हे काहींना रिकामपणाचं वाटेल. आम्हाला तसं वाटत नाही. 'स्टार ट्रेक' १९६६ साली सुरू झाली, तिच्या पुढच्या मालिका या शतकातही निघाल्या. एवढ्या पसाऱ्यातलं एकच प्रकरण आज घेऊ.

१९६७ च्या 'स्पेस सीड' या भागात खान नूनियन सिंग येतो. प्रयोगातून घडवलेला, ताकदीनं आणि बुद्धीनं सामान्यांच्या वरचढ असा हा माणूस. १९९२ ते १९९६ या काळात त्यानं पाव जगाहून अधिक भागावर राज्य केलं, असं तिथे सांगितलंय. त्या काळातल्या संहाराला मालिका सुप्रजननाची युद्धं म्हणते. म्हणजे काय, तर पंचवीस-तीस वर्षांनी येणारं संकट. बघणारी पिढीच ते भोगणार होती. तारीख जवळची होती म्हणूनच इशाऱ्याला धार होती.

पुढे खरंच १९९६ साल उजाडलं. त्याच वर्षीच्या 'व्हॉयेजर' मालिकेत नायक मंडळी १९९६ च्या लॉस एंजेलिसमध्ये उतरतात. तिथे युद्धाचा मागमूस नाही! १९९७ मध्ये 'डीप स्पेस नाईन'मधला एक अधिकारी ही युद्धं दोनशे वर्षांपूर्वीची म्हणतो. ती मालिका चोविसाव्या शतकातली. हिशोब केला तर पावणेचारशेच्या आसपास यायला हवेत.

आपल्याकडे पुराणांत दोन ठिकाणी दोन कथा आल्या की 'कल्पभेद' म्हणायची सोय आहे. इतिहासात ती नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा, हा वाद जेधे शकावलीसारखी साधनं तपासूनच लढवावा लागला. दोन्ही सालं खरी म्हणता येत नाहीत. मालिका या दोहोंच्या मधे लटकते. तिला कथेची मोकळीक हवी असते आणि इतिहासाचा रुबाबही. प्रेक्षक हिशोब मागतात तो त्या रुबाबापोटी, आणि तो मागणं रास्तच आहे.

हा हिशोब २०२३ साली 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'नं दिला. ला'आन ही खानाची वंशज एकविसाव्या शतकातल्या टोरांटोत येऊन पडते. काळात ढवळाढवळ करणारी एक हेर तिथे वैतागून सांगते, की हे सगळं १९९२ मध्येच व्हायचं होतं, पण काळ मागे रेटतो आणि घटना पुढे सरकतात. शिवण उसवली होती, ठिगळ लावलं. पण ठिगळाचीच नक्षी केली. कारण ला'आनसमोर आता लहानगा खान आहे. त्याला मरू दिलं तर पुढचं भविष्य बदलणार. वाचवलं तर संहार ठरलेला. ती वाचवते. कालगणनेची दुरुस्ती इथे एका बाईच्या छातीवरचं ओझं होते. म्हणून हा भाग आम्ही चांगला मानतो.

तरी एक खटकतंच. दुकानात पाटी असते ना, 'आज रोख, उद्या उधार'? तो उद्या कधी येत नाही. संकटाची तारीख दर पिढीला पुढे ढकलत गेलो, तर इशाऱ्याचंही तसंच होईल. २०२३ च्या भागाची लबाडी नाही, हे मान्य. त्यानं निदान धोका पुन्हा बघणाऱ्याच्या काळात आणून ठेवला. पण हा उपाय एकदाच चालतो. पुन्हा वापरला तर ती पळवाट.

आणि जाता जाता, तारखेवर तावातावानं भांडणाऱ्यांनी नावाकडेही बघावं. खान उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा अंदाज त्याच पहिल्या भागात केलाय. नाव मात्र खान, आणि भूमिका मेक्सिकोच्या रिकार्डो माँटालबाननं केलेली. सालाचा घोळ निस्तरायला त्यांना छप्पन्न वर्षांनी का होईना, अख्खा भाग रचावासा वाटला. या घोळाचा हिशोब मागायचा तर तो आपल्यासारख्या प्रेक्षकांनीच मागायला हवा.